सांध्यावरची गावं

आंबागडाच्या पायथ्याच्या माणसाला मुंबई गाठायची तर आधी तुमसर, तुमसरहून चार-पाच किलोमीटरवरचं देव्हाडी, आणि तिथून गोंदियाहून येणारी विदर्भ एक्स्प्रेस. गाव देव्हाडी असलं तरी स्टेशनची पाटी 'तुमसर रोड' सांगते. भंडाऱ्याची तीच तऱ्हा. स्टेशन वरठीला, पाटी 'भंडारा रोड'ची, आणि जिल्ह्याचं शहर तिथून दहाएक किलोमीटर लांब. हावडा–मुंबई हा देशातल्या सर्वांत गजबजलेल्या लोहमार्गांपैकी एक. तो या जिल्ह्याच्या मधोमध जातो, पण जिल्ह्याच्या दोन मोठ्या गावांना बगल देऊन जातो. त्यामुळे इथल्या माणसाच्या लेखी रेल्वे म्हणजे आधी जोड. रोजची छोटी गाडी लांब पल्ल्याच्या गाडीला कुठे भेटते, किती वेळ थांबते, आणि भेटतच नसेल तर का, हे प्रश्न त्याच्या पाचवीला पुजलेले आहेत.

मोठ्या शहरांत हेच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतात. लोकलचे रूळ मेल-एक्स्प्रेसच्या रुळांपासून वेगळे करा, अशी मागणी मुंबईत कित्येक दशकं चालली आणि बऱ्याच अंशी पूर्णही झाली. ती रास्त होती. पण वेगळं करताना काय तोडलं, आणि जे तोडलं ते पुन्हा जोडण्याची सोय ठेवली का, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. तुमसर रोडहून निघणारी विदर्भ एक्स्प्रेस मुंबईपर्यंत ज्या जोडांवरून जाते, त्यांच्यावरून हा हिशेब चांगला मांडता येतो.

सुरुवात अर्थात घरापासून. आंबागडचा किल्ला १७०० च्या सुमाराचा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या काळात त्याच्या राजाखान पठाण नावाच्या सरदाराने तो बांधला, आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग म्हणून वापर केला. सातपुड्याच्या या रांगांतून येणारी-जाणारी वाट राखायची, हा किल्ल्याचा हेतू. दोनशे वर्षांनी याच टेकड्यांच्या पोटात मँगनीज सापडलं आणि वाटेची गरज पुन्हा निर्माण झाली, या वेळी रुळांची. चिखला, डोंगरी बुजुर्ग आणि पलीकडे मध्य प्रदेशातली तिरोडी या खाणींचं खनिज मुख्य मार्गापर्यंत आणायला तुमसर रोडहून उत्तरेकडे फाटा निघाला. तुमसर टाऊन, मिटेवानी, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत तो राज्याची हद्द ओलांडून तिरोडीला पोहोचतो. माणसं या फाट्यावर नंतर बसली. तो निघाला तो दगड वाहायला. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलमध्ये जातं. म्हणजे ज्या घरांत वीज नव्हती त्या घरांच्या उजेडाचा एक हिस्सा या एकेरी रुळांवरून गेलेला आहे.

मुख्य मार्गाची गोष्टही जोडाचीच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबईकडून नागपूरला पोहोचली ती १८६७ साली, रुंद मापाच्या रुळांवरून. नागपूरच्या पूर्वेला छत्तीसगडचा धान्याचा मुलूख होता. तिकडे जाणारा नागपूर–छत्तीसगड मार्ग १८८२ पर्यंत राजनांदगावला पोहोचला खरा, पण तो मीटरगेजवर. परिणाम काय झाला, तर छत्तीसगडचं प्रत्येक पोतं नागपुरात एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावं लागे. हमालीचा खर्च, पोत्यांची फूट, पावसात भिजणारा माल हे सगळं दोन मापांमधल्या सव्वादोन फुटांच्या फरकापायी. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग घेतला आणि वर्षभरात तो रुंद करायला घेतला. १९०० पर्यंत हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईपर्यंत सलग रूळ झाले. एक जोड नीट बसला आणि वैनगंगेच्या काठची धानाची बाजारपेठ देशाच्या दोन्ही किनाऱ्यांना लागली.

आता सांध्याकडे जरा जवळून पाहू, कारण पुढची सगळी चर्चा या लोखंडापाशी येऊन थांबते. दोन मार्ग जिथे फुटतात तिथे रुळाचं एक टोक निमुळतं घासलेलं असतं. पात्यासारखं हे टोक शेजारच्या स्थिर रुळाला चिकटलं की गाडी एका बाजूला जाते, सुटलं की दुसऱ्या. ते चिकटणं किती बिनचूक असावं? पात्याच्या टोकाजवळ, दोन रुळांच्या मधे ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा धरला तर सांधा कुलूपबंद होताच कामा नये, आणि सिग्नल लाल राहिला पाहिजे. ही चाचणी ठरावीक मुदतीने केली जाते. गिट्टीचा खडा अडकला, तरी सगळी वाहतूक थांबते. शिवाय वळणाऱ्या गाडीला वेग आवरावा लागतो. यार्डातल्या तीव्र सांध्यावर ताशी १५ किलोमीटर, नेहमीच्या मुख्य मार्गावरच्या सांध्यावर ३०. सरळ जाणारी गाडी मात्र त्याच जागेवरून शंभराच्या पुढच्या वेगाने जाते. म्हणून रेल्वेच्या इंजिनिअरला प्रत्येक सांधा खर्चिक आणि नाजूक वाटतो, आणि शक्य तिथे तो काढून टाकण्याकडे त्याचा कल असतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही असंच म्हटलं असतं.

त्यात फाट्यावरची गाडी मुख्य मार्गावर घ्यायची म्हणजे आणखी एक अडचण. आपल्याकडे गाड्या डाव्या हाताने चालतात. तिरोडीकडून, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या गाडीला नागपूरकडे जायचं असेल, तर नागपूरकडे जाणारा रूळ दक्षिणेच्या अंगाला आहे. तिथे पोहोचायला तिला हावड्याकडे जाणारा रूळ आडवा कापावा लागतो. तेवढी मिनिटं दोन्ही दिशांच्या गाड्या अडतात. मार्गावर एकामागून एक कोळशाच्या मालगाड्या, दुरांतो आणि मेल असताना नियंत्रण कक्षातला माणूस कोणाला थांबवणार, हे सांगायला नको. फाट्याची पॅसेंजर बाहेरच्या सिग्नलला उभी राहते. तिच्यातल्या माणसाची पुढची गाडी मग त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जाते.

एकेरी फाट्यांची पूर्वीची शिस्तही सांगण्याजोगी आहे. पुढच्या स्टेशनापर्यंत रूळ मोकळा असल्याचा पुरावा म्हणून ड्रायव्हरला लोखंडी गोळा मिळायचा. तो चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कडीला, आणि ती कडी चालत्या इंजिनातून हात बाहेर काढून खांद्यावर झेलायची. गोळा हातात नाही तर गाडी पुढे नाही. दोन स्टेशनांच्या यंत्रांतून एका वेळी एकच गोळा निघे, त्यामुळे समोरासमोर दोन गाड्या येण्याचा संभवच उरत नसे. ज्यांनी हे पाहिलं आहे त्यांना फाट्यावरची रेल्वे माणसांच्या हातांनी कशी चालत होती ते वेगळं सांगावं लागत नाही.

तिरोडीच्या पलीकडे सुमारे १५ किलोमीटरवर कटंगी आहे. तिथपर्यंत बालाघाटहून सातपुडा रेल्वेचा अडीच फुटी नॅरोगेज फाटा येत होता. एका बाजूला रुंद रूळ तिरोडीत संपलेले, दुसऱ्या बाजूला अरुंद रूळ कटंगीत संपलेले, आणि मधल्या १५ किलोमीटरांत शेतं आणि जंगल. पिढ्यान्‌पिढ्या ही दोन टोकं एकमेकांकडे तोंड करून थांबली होती. गोंदिया–जबलपूर हा नॅरोगेजचा मुख्य मार्ग रुंद झाला, बालाघाट–कटंगीही झाला, आणि अगदी अलीकडे कटंगी–तिरोडी जोडलं गेलं. बंद टोक असलेला फाटा आता आरपार मार्ग झाला आहे. माझ्या मते गेल्या काही वर्षांत या भागात झालेलं रेल्वेचं हे सर्वांत मोलाचं काम आहे. मोठ्या गाड्यांच्या बातम्यांत ते झाकलं गेलं एवढंच.

तुमसर रोडहून गाडी पश्चिमेला निघाली की नागपूर येतं, आणि नागपूर हा स्वतःच एक मोठा जोड आहे. इथे दक्षिण पूर्व मध्य रेल्वे संपते आणि मध्य रेल्वे सुरू होते. दोन्ही रेल्वेंचे 'नागपूर विभाग' आहेत, एकाच शहरात, वेगवेगळ्या वरिष्ठांच्या हाताखाली. तुमसरच्या फाट्याचं वेळापत्रक बिलासपूरच्या मुख्यालयाकडे जातं, तर नागपूरच्या पुढच्या गाडीचं मुंबईकडे. एक गाडी उशिरा आली म्हणून दुसरीने पाच मिनिटं थांबावं, अशी विनंती या दोन दारांमधून करायची असते. रूळ सलग असूनही कारभार तुटक असला की जोड निकामी होतो, हे नागपूरच्या पूर्वेच्या प्रवाशाला चांगलं ठाऊक आहे. नागपूरचीच नॅरोगेजची मोठी जाळी, छिंदवाड्याकडची आणि नागभीडकडची, गेल्या दहा वर्षांत एकेक करून रुंदीकरणासाठी बंद झाली. त्यांची इंजिनं आणि डबे आता मोतीबागच्या संग्रहालयात आहेत.

वर्धा सोडल्यावर पुलगाव. इथून आर्वीला नॅरोगेज जायची. ती बंद झाली, आणि आर्वीची माणसं आजही रुंद मार्गाची मागणी करतात. पुढे बडनेरा. तिथून अमरावतीचा फाटा १८७१ मध्ये कापसासाठी निघाला, जेमतेम दहा किलोमीटरांचा. पण तो सुरुवातीपासून रुंद मापाचा आणि मुख्य मार्गाला नीट जोडलेला होता. म्हणूनच आज अमरावतीहून थेट मुंबईची गाडी सुटू शकते. त्याच्या पुढचं मूर्तिजापूर मात्र मन विषण्ण करतं. तिथून यवतमाळला ११३ आणि अचलपूरला ७६ किलोमीटर अशा दोन नॅरोगेज वाटा फुटतात. लोकांनी त्या गाडीला 'शकुंतला' हे नाव दिलं. मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं. मार्ग ब्रिटिश काळातल्या खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला आणि देखभाल कोणाची, या वादात तो हळूहळू खंगत गेला. २०१६ नंतर तर यवतमाळची गाडी थांबलीच. अमरावती आणि यवतमाळ ही दोन्ही कापसाचीच गावं, आणि दोघांना जोडणारे फाटे एकाच मुख्य मार्गावरून निघालेले. फरक रुळांमधल्या अंतराचा आणि मालकीचा. तेवढ्याने एका गावाला मुंबईची गाडी मिळाली आणि दुसऱ्याच्या वाट्याला आठवणी आल्या.

रात्र सरता सरता गाडी इगतपुरीला येते. जुन्या प्रवाशांना इथला तो लांब थांबा आठवत असेल. मुंबईकडे १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह, देशात इतरत्र २५,००० व्होल्टचा एसी, म्हणून इंजिन बदलल्यावाचून गाडी घाट उतरू शकत नसे. मुंबईने विजेची गाडी सर्वांत आधी आणली, ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी ते कुर्ला, हार्बरच्या रुळांवर. त्या आघाडीची किंमत पुढे नव्वद वर्षं चुकवावी लागली. लोकलची वीज एक, बाहेरगावच्या गाड्यांची वीज दुसरी; रूळ सलग, पण वरच्या तारेत हद्द आखलेली. पुढे दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिनं बनली, तेव्हा थांबा कमी झाला. पश्चिम रेल्वेवर २०१२ ला, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ ला आणि हार्बरवर २०१६ ला डीसी संपलं. तुटलेला जोड पुन्हा जोडता येतो, याचं हे फार चांगलं उदाहरण. मात्र त्यात रुळांखालची जागा कायम होती, हे विसरू नये.

कल्याणपासून आपली गाडी लोकलच्या गर्दीत शिरते. सकाळची वेळ, आणि तिला चार मिनिटांच्या अंतराने धावणाऱ्या गाड्यांमधून वाट काढायची असते. कळव्याजवळ १९१६ चा पारसिक बोगदा आहे, सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा. मुंब्र्याच्या खाडीकाठचं वळण टाळायला तो खोदला. शंभर वर्षं जलद लोकल आणि मेल-एक्स्प्रेस त्यातून एकाच रुळांवर धावल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, जलद लोकल बाहेरच्या नव्या रुळांवर गेल्या, आणि बोगदा बाहेरगावच्या गाड्यांकडे आला. हे वेगळं करणं मला पूर्णपणे पटतं. विदर्भ एक्स्प्रेसमधला आंबागडचा माणूस आणि डोंबिवलीचा नोकरदार एकमेकांना अडवत होते, ते थांबलं. आणि मधले सांधे काढलेले नाहीत. गरज पडली तर गाडी इकडची तिकडे घेता येते.

मुंबईतच याच्या उलट गोष्टीही आहेत. चर्चगेटच्या दक्षिणेला रूळ कुलाब्यापर्यंत जात होते. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं टर्मिनस तिथे होतं. डिसेंबर १९३० मध्ये बॉम्बे सेंट्रल सुरू झालं, वर्षअखेरीस कुलाबा बंद झालं, आणि चर्चगेट फक्त लोकलचं उरलं. कुलाब्याच्या जागेवर आज बधवार पार्कच्या रेल्वे वसाहतीच्या इमारती आहेत. दक्षिण मुंबईच्या टोकापर्यंत पुन्हा गाडी न्यायची तेव्हा जमिनीखालून भुयार खणावं लागलं. पोर्ट ट्रस्टची रेल्वे १९१५ पासून बॅलार्ड पिअर ते वडाळा धावत होती. आगबोटीतून उतरलेल्या प्रवाशाला धक्क्यावरच पेशावरकडे जाणारी फ्रंटियर मेल मिळत असे, हिवाळी हंगामात. वडाळ्याहून माहीमला जाणाऱ्या जोडमार्गाने बंदर आणि पश्चिमेचा मुख्य मार्ग एकमेकांना लागले होते. बंदराची रेल्वे गेली, पण वडाळा–माहीम जोड राहिला, आणि आज त्याच्यावरून हार्बरच्या लोकल वांद्रे, अंधेरी, गोरेगावला जातात. रोज लाखो माणसं एका जुन्या मालवाहू जोडाच्या कृपेने प्रवास करतात. तिसरं उदाहरण अंधेरी–कुर्ला–ट्रॉम्बे या मार्गाचं. तो १९२८ ला सुरू झाला आणि १९३४ ला बंद झाला. तो असता तर पूर्व आणि पश्चिम उपनगरांमध्ये आडवी लोकल नव्वद वर्षांपूर्वीपासून धावली असती. त्या जागेचा मोठा भाग विमानतळाखाली गेला. अंधेरी–घाटकोपर मेट्रो यायला २०१४ साल उजाडलं, तेही खांबांवरून.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. गाड्या बंद करा, रूळ काढा, सांधा काढा, हे सगळं पुढे दुरुस्त होऊ शकतं. जमीन गेली की संपलं. वडाळा–माहीमची जमीन राहिली म्हणून हार्बर पश्चिमेला पोहोचली, कुलाब्याची गेली म्हणून भुयार. शकुंतलेची वाट अजून बरीचशी शाबूत आहे. तिच्यावर एकही घर उठू न देणं हे रुंदीकरणाच्या घोषणेपेक्षा तातडीचं काम आहे.

दुसरं काम वेळापत्रकाचं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत पॅसेंजर गाड्या थांबल्या. परत आल्या तेव्हा बऱ्याच ठिकाणी 'स्पेशल' म्हणून आल्या, किमान तिकीट १० वरून ३० रुपयांवर गेलं, काही थांबे गळाले. जुनं भाडं परतायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. ज्या शेतमजुराला तुमसरला कामाला यायचं होतं, ज्या मुलीला कॉलेजला जायचं होतं, त्यांच्यासाठी ती चार वर्षं म्हणजे तुटलेला रूळच होता. नागपूरहून भंडारा रोड, रामटेक, नरखेड, वर्धा अशा ब्रॉडगेज मेट्रोचा प्रस्ताव मधल्या काळात पुढे आला. मुख्य मार्गाच्या त्याच रुळांवरून रोजच्या प्रवाशांची वेगवान गाडी, अशी ती कल्पना. कल्पना चांगली आहे. पण ती वरठीला थांबून भंडारा शहराला दहा किलोमीटर लांबच ठेवणार असेल, आणि तुमसरच्या फाट्याला हातही लावणार नसेल, तर जुनीच चूक नव्या डब्यांतून होईल.

राजनांदगाव–नागपूर तिसऱ्या मार्गिकेचं काम या पट्ट्यात चालू आहे. तिसरा रूळ येतो तेव्हा प्रत्येक जंक्शनचं यार्ड नव्याने आखलं जातं, कुठला सांधा ठेवायचा आणि कुठला काढायचा हे तेव्हा ठरतं, आणि एकदा ठरलं की पुढची पन्नास वर्षं ते बदलत नाही. म्हणून तुमसर, भंडारा, तिरोडा, गोंदियाच्या वाचकांना विनंती आहे. आपल्या प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्याला, आमदार-खासदाराला गाठा आणि तुमसर रोडच्या यार्डाचा नवा आराखडा मागा. फाट्याच्या गाडीला स्वतःचा फलाट आहे का, ती मुख्य मार्ग न अडवता नागपूरकडे निघू शकेल का, तिरोडी–बालाघाटकडून येणारी गाडी विदर्भ एक्स्प्रेसच्या आधी पोहोचते का, एवढे तीन प्रश्न लेखी विचारा, आणि उत्तरही लेखी घ्या.